अणुबाँबमधून वाचलेल्या झाडांची रोपे आणि शाळेतली मुले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिरोशिमा आणि नागासाकी येथील अणुबाँबस्फोटांतून वाचलेल्या झाडांच्या बियांपासून रोपे तयार करून ती शाळांच्या आवारात वाढवण्याचे काम जपानमध्ये अनेक वर्षे चालू आहे, आणि तेथून ते इतर देशांतही पोहोचले आहे. शिक्षक, पालक आणि मधूनमधून विद्यार्थी याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली माहिती दुसऱ्यात परत दिलेली नाही. तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'हिबाकुजुमोकु' म्हणजे नेमके काय?

जपानी भाषेत अणुबाँबचा आघात सोसून जगलेल्या माणसाला 'हिबाकुशा' म्हणतात आणि तसाच आघात सोसून जगलेल्या झाडाला 'हिबाकुजुमोकु'. हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी आणि नागासाकीवर ९ ऑगस्टला सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी बाँब फुटला. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० आणि नागासाकीत सुमारे ७४,००० माणसे मृत्यू पावली, असा दोन्ही शहरांचा अंदाज आहे. हिरोशिमा महापालिकेने स्फोटकेंद्रापासून साधारण दोन किलोमीटरच्या परिघातील अशा झाडांची नोंद ठेवली आहे. तेथे आज सुमारे १६० झाडे असून प्रत्येकाजवळ जात आणि अंतर सांगणारी पाटी असते. स्फोट ज्या जागेच्या बरोबर वर झाला, ती जमिनीवरची जागा म्हणजे स्फोटकेंद्र, आणि पुढे सर्व अंतरे तेथूनच मोजलेली आहेत.

२. माणसे आणि इमारती जळून गेल्या, मग झाडे वाचली कशी?

हिरोशिमाचा बाँब जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला आणि स्फोटकेंद्राजवळ जमिनीच्या पृष्ठभागाचे तापमान क्षणभर ३,००० ते ४,००० अंश सेल्सिअसपर्यंत गेले. ही उष्णता भयंकर होती, पण ती टिकली काही सेकंदच. माती उष्णता सहज आत जाऊ देत नाही, म्हणून वरचे खोड कोळसा झाले तरी काही हात खालची मुळे जिवंत राहिली. बऱ्याच झाडांच्या खोडाशी आणि मुळांशी झोपलेले डोळे असतात, आणि वरचा भाग नष्ट झाला की तेथून धुमारे फुटतात. वणवा गेलेल्या माळावर सागाच्या काळ्या बुंध्यातून पहिल्या पावसात पालवी येताना आपण पाहतो, तिच्यामागेही हेच आहे. स्फोटकेंद्रापासून अवघ्या ३७० मीटरवर नदीकाठी उभी असलेली विपिंग विलो अशीच परतली: जमिनीवरचे खोड मोडून पडले आणि मुळांतून नवे झाड उगवले.

काही झाडांच्या आणि स्फोटाच्या मध्ये भिंत किंवा इमारत आली, त्यामुळे त्यांच्या एका अंगाला आसरा मिळाला. झाडांवरच्या खुणा आजही एकसारख्या नाहीत. स्फोटाकडे असलेल्या अंगाची साल आणि तिच्याखालचा वाढणारा थर जळाला, दुसरे अंग वाढत राहिले, आणि पुढच्या वर्षांत अनेक खोडे हळूहळू स्फोटकेंद्राच्या दिशेने कलली. शुक्केइएन उद्यानातील, १,३७० मीटरवरील गिंकोचे झाड असेच कललेले आहे. झाडांवर उपचार करणारे वृक्षवैद्य केवळ झाडाचा कल पाहून बाँब कोणत्या दिशेला फुटला हे सांगू शकतात. वृक्षवैद्य ही जपानमध्ये परीक्षा देऊन मिळणारी अधिकृत पात्रता आहे.

त्या दिवसांत शहरात अशी अफवा पसरली होती की येथे पंचाहत्तर वर्षे काहीही उगवणार नाही. तिच्या पार्श्वभूमीवर, पुढच्या वसंतात दिसलेली पालवी वाचलेल्या माणसांना काय वाटली असेल, याची कल्पना मुलांना स्वतः करू द्यावी.

३. शाळांमध्ये लावतात ती मूळ झाडे असतात की त्यांची रोपे?

रोपेच असतात. मूळ झाडाच्या बीपासून आलेल्या रोपाला जपानीत 'निसेई', म्हणजे दुसरी पिढी, म्हणतात. त्या झाडाला पुढे बी धरले की तिसरी पिढी सुरू होते, आणि काही शाळांमध्ये ती सुरू झाली आहे.

येथे एक बारकावा आहे. बीपासून आलेले रोप अर्धे आईचे आणि अर्धे बापाचे असते, आणि परागकण कोणत्या झाडावरून आला हे बहुधा माहीत नसते. गिंकोमध्ये नर आणि मादी झाडे वेगळी असतात, त्यामुळे वाचलेल्या मादी झाडाच्या बीचा बाप कधीही बाँब न पाहिलेले, बाहेरून आणून लावलेले झाडही असू शकतो. याउलट फांदीच्या छाटापासून किंवा कलम करून केलेले रोप म्हणजे अनुवंशाच्या दृष्टीने तेच मूळ झाड असते, आणि विलोसारख्या जातींचे छाट सहज लागतात. शाळेने पाटी लिहिताना 'बीपासून' की 'छाटापासून' हे नोंदवावे. मुले हा प्रश्न विचारतातच, आणि खरे उत्तर त्यांना जीवशास्त्राच्या धड्यापेक्षा जास्त लक्षात राहते.

४. या बियांतून किंवा रोपांतून किरणोत्सर्ग होतो का? मुलांनी हात लावणे सुरक्षित आहे का?

होय, हात लावणे सुरक्षित आहे. हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून उत्तर सविस्तर देत आहे.

बाँब हवेत उंचावर फुटल्यामुळे त्याचे किरणोत्सारी अवशेष बहुतांशी वर वातावरणात गेले. त्यांतला काही भाग काळ्या पावसाबरोबर, म्हणजे राख आणि काजळी मिसळलेल्या पावसाबरोबर, मुख्यतः शहराच्या पश्चिम आणि वायव्य भागांत, खाली आला. जमिनीवर न्यूट्रॉनच्या माऱ्यामुळे माती आणि बांधकामातील काही मूलद्रव्ये किरणोत्सारी झाली, पण त्यांतल्या मुख्य मूलद्रव्यांचे आयुष्य फार लहान होते. ॲल्युमिनियम-२८ चे अर्धआयुष्य (किरणोत्सर्ग निम्म्यावर यायला लागणारा काळ) सुमारे सव्वादोन मिनिटे, मँगनीज-५६ चे अडीच तासांहून थोडे अधिक आणि सोडियम-२४ चे पंधरा तास आहे. पहिल्या काही दिवसांत शहरात मदतीला किंवा आप्तांना शोधायला गेलेल्या माणसांना त्यामुळे खरा धोका झाला. आज हिरोशिमातील किरणोत्सर्गाची पातळी जगातील कोणत्याही सामान्य शहरासारखी आहे. यंदाच्या शरद ऋतूत झाडाने धरलेले बी यंदाच्याच हवेतून, पाण्यातून आणि मातीतून तयार झालेले असते. १९४५ चे काही त्यात साठून राहिलेले नसते. रोपे त्याच जातीच्या इतर रोपांसारखीच दिसतात आणि वाढतात.

हा प्रश्न मुलांसमोर येतो तेव्हा त्याच्याशी जोडलेली एक दुखरी गोष्टही सांगावी लागते. हिबाकुशांना आणि त्यांच्या मुलांना युद्धानंतर लग्न जमवताना आणि नोकरी शोधताना याच भीतीपायी नाकारले गेले, आणि पुष्कळांनी आपण त्या दिवशी शहरात होतो हे आयुष्यभर लपवून ठेवले. हिबाकुशांच्या अपत्यांवर कित्येक दशके चाललेल्या अभ्यासांत आनुवंशिक दोषांची वाढ आढळलेली नाही. म्हणून एखादे मूल रोपाला हात लावायला कचरले, तर त्याला रागावू नये. शांतपणे कारण समजावून सांगावे, कारण त्या भीतीने माणसांचे किती नुकसान केले हे त्याला त्याच क्षणी कळू शकते.

५. शाळेतल्या मुलांच्या हाती ही रोपे देण्याची पद्धत कशी सुरू झाली?

दोन्ही शहरांत ती वेगवेगळ्या वाटांनी आली.

हिरोशिमातील वाट आओगिरी नावाच्या झाडापासून निघते. स्फोटकेंद्रापासून सुमारे १,३०० मीटरवर, टपाल व दूरसंचार खात्याच्या कार्यालयाच्या अंगणात आओगिरीची झाडे होती. नुमाता सुझुको ही तरुणी त्याच कार्यालयात काम करत होती. बाँबस्फोटात ती जखमी झाली आणि तिचा डावा पाय कापावा लागला. ज्याच्याशी लग्न ठरले होते तो युद्धात मारला गेल्याचेही तिला त्याच सुमारास कळले. जगावेसे वाटत नव्हते, तेव्हा त्या अंगणातल्या जळक्या आओगिरीला फुटलेली पालवी तिने पाहिली. पुढे ती शिक्षिका झाली. ही झाडे १९७३ मध्ये शांती स्मारक उद्यानात हलवण्यात आली, आणि नंतर वर्षानुवर्षे नुमाताबाई त्याच झाडाखाली, सहलीला आलेल्या शाळकरी मुलांच्या घोळक्यासमोर, आपली हकिगत सांगत राहिल्या. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या झाडाची बी आणि रोपे देशभरच्या शाळांत गेली, त्यामागे त्या कथनाचा मोठा वाटा आहे.

नागासाकीतील वाट काकीच्या, म्हणजे पर्सिमन या फळाच्या, झाडाची. वृक्षवैद्य एबिनुमा मासायुकी यांनी १९९४ मध्ये बाँबमधून वाचलेल्या एका दुबळ्या काकीच्या झाडावर उपचार सुरू केले, त्याच्या बियांपासून रोपे केली आणि नागासाकीला येणाऱ्या मुलांना ती द्यायला सुरुवात केली. चित्रकार-शिल्पकार मियाजिमा तात्सुओ यांना हे कळल्यावर त्यांनी त्याला कलाप्रकल्पाचे रूप दिले: रोप मागणाऱ्यांनी त्याचे 'दत्तक पालक' व्हायचे आणि लावणीत मुलांनी पुढे असायचे. पहिले रोप १९९६ मध्ये टोकियोच्या तैतो भागातील जुन्या र्‍यूहोकु प्राथमिक शाळेच्या आवारात लागले. १९९९ च्या व्हेनिस द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात मियाजिमांनी हा प्रकल्प मांडला आणि तेव्हापासून ही काकी वीसहून अधिक देशांत पोहोचली आहे. लावणीच्या दिवशी मुले चित्रे काढतात, गातात आणि पुढच्या मुलांसाठी निरोप लिहून ठेवतात.

६. आओगिरी हे कोणते झाड आहे? आपल्याकडे त्याच्यासारखे काही आहे का?

आओगिरीचे शास्त्रीय नाव फर्मियाना सिम्प्लेक्स. 'आओ' म्हणजे हिरवा किंवा निळा, आणि नाव सालीवरून पडले आहे: तरुण झाडाचे खोड गुळगुळीत आणि पानांइतके हिरवे असते. पाने तळहाताएवढी किंवा त्याहून मोठी, बोटांसारखी कातरलेली. फळ पाहण्यासारखे असते. ते पिकण्यापूर्वीच उलगडते, त्याच्या पाकळ्या होडीच्या आकाराच्या पातळ पानांसारख्या होतात, आणि होडीच्या काठाला वाटाण्याएवढे, सुरकुतलेले, तपकिरी बी चिकटलेले दिसते. वारा आला की होडी बियांसकट गिरक्या घेत खाली उतरते. वर्गात ही एक होडी हातोहात फिरवली, तरी तासभर पुरते.

सह्याद्रीत आढळणारी कौशी ही याच फर्मियाना प्रजातीतली. पाने गळलेल्या झाडावर शेंदरी फुलांचे घोस येतात ती कौशी ज्यांनी पाहिली असेल, त्यांनी आओगिरीची भावंडेच पाहिली आहेत. कौशीच्या फळांनाही तशाच होड्या असतात.

७. आणखी कोणत्या जातींची झाडे वाचली?

तीसहून अधिक जातींची. त्यांत गिंको, कापराचे झाड, विलो, काकी, कुरोगाने होली आणि निलगिरीही आहे. निलगिरीचे झाड हिरोशिमा किल्ल्याच्या आवारात ७४० मीटरवर उभे आहे. नागासाकीत सान्नो देवस्थानासमोरची कापराची दोन महावृक्षे सुमारे ८०० मीटरवर होती. त्यांची पाने-फांद्या उडून गेल्या, शेजारच्या दगडी तोरणद्वाराचा एक खांब कोसळला आणि ते आजही उरलेल्या एका खांबावर उभे आहे. झाडे पुन्हा डवरली, आणि त्यांच्याही दुसऱ्या पिढीची रोपे वाटली जातात.

८. बी हाती आल्यापासून रोप जमिनीत जाईपर्यंत मुलांना काय काय करावे लागते?

जातीनुसार काम बदलते, पण क्रम साधारण असा असतो. गिंकोच्या बीवरचा गर आधी काढावा लागतो. त्याला कुजक्या लोण्यासारखा वास येतो आणि त्वचेला खाज सुटू शकते, म्हणून हातमोजे लागतात. मुलांना हे काम मनापासून आवडते. नंतर बी ओलसर वाळूत किंवा शेवाळात गुंडाळून काही आठवडे थंडीत ठेवतात, कारण समशीतोष्ण प्रदेशातल्या बियांना हिवाळा येऊन गेला असे वाटल्याशिवाय त्या रुजत नाहीत. शाळेत यासाठी फ्रिजचा खालचा खण चालतो. वसंतात पेरणी होते. काकीचे सोटमूळ लांब असते, म्हणून उथळ कुंडी चालत नाही. पहिले एक-दोन हिवाळे रोपाला आडोसा देतात आणि मगच जमिनीत लावतात.

खरी परीक्षा सुट्टीत होते. जपानमध्ये उन्हाळी सुट्टी जुलैच्या उत्तरार्धात सुरू होते आणि नेमके ते दिवस सर्वांत कडक उन्हाचे असतात. शाळा मुलांच्या पाळ्या लावतात आणि पाळीचे मूल सकाळी येऊन पाणी घालून जाते. हिरोशिमात ६ ऑगस्टही याच सुट्टीत येतो, आणि त्या दिवशी अनेक शाळा मुलांना मुद्दाम बोलावतात. कोणी मला विचारले की लावणीचा समारंभ कसा करावा, तर मी आधी सुट्टीतल्या पाण्याचे वेळापत्रक मागतो. फीत कापायला एक दिवस पुरतो. सोळाव्या दिवशी झारी कोणाच्या हातात असेल, हे ठरले नसेल तर रोप मागवू नये.

९. शाळेला बी कोण देते? एकट्या माणसाला मिळते का?

हिरोशिमा महापालिका आओगिरीच्या दुसऱ्या पिढीचा प्रसार करते. परदेशांसाठी 'ग्रीन लेगसी हिरोशिमा' हा उपक्रम आहे. नसरीन अझिमी आणि वातानाबे तोमोको यांनी तो २०११ मध्ये सुरू केला, आणि वृक्षवैद्य होरिगुची चिकारा बी गोळा करण्यापासून झाडांची निगा राखण्यापर्यंतचे जाणतेपण त्याला देतात. काकीसाठी नागासाकीचा प्रकल्प वेगळा आहे (प्रश्न ५). या सगळ्यांचा भर संस्थांवर असतो: शाळा, विद्यापीठे, वनस्पतिउद्याने, नगरपालिका. कारण उघड आहे. झाड शंभर वर्षे जगते, आणि ते सांभाळण्याचा शब्द एकट्या माणसापेक्षा संस्था अधिक खात्रीने देऊ शकते.

१०. आमचे रोप मेले. मुले रडली. आता काय करावे?

मुलांना खरे सांगावे. परदेशी हवेत, कुंडीत, अननुभवी हातांत काही रोपे मरतातच, आणि बी पेरले की सगळे उगवत नाही. रात्रीतून त्याच जागी नर्सरीतले दुसरे रोप आणून लावणे हा मोह शिक्षकांना होतो, हे मला माहीत आहे. तसे करू नये. ज्या गोष्टीचा सगळा अर्थ तिच्या खरेपणात आहे, ती खोटी करून मुलांच्या हाती देणे वाईट. रोप का मेले हे मुलांनीच शोधावे: पाणी जास्त झाले की कमी, मुळे कुजली का, ऊन कोठून येत होते. ते लिहून बी पाठवणाऱ्याला कळवावे. अशा नोंदींवरूनच कोणती जात कोठे तगते हे समजते, आणि पुन्हा बी मागण्यात संकोचण्यासारखे काही नाही.

११. काकीला फळ कधी येते? ते खायचे का?

'पीच आणि चेस्टनट तीन वर्षे, काकी आठ वर्षे' अशी जपानी म्हण आहे. बीपासून वाढलेल्या काकीला इतका धीर धरावा लागतो. आपल्याकडे हिमाचलमधून येणारे 'जपानी फळ' ते हेच. बीपासूनच्या झाडाची फळे बहुधा तुरट निघतात. ती पूर्ण मऊ होऊ द्यावी लागतात, किंवा सोलून, दोरीला टांगून, वाळवून खातात. जरूर खावीत (सुरक्षिततेबद्दल प्रश्न ४ पाहावा). पहिलीत असताना रोप लावलेले मूल आठवीत-नववीत पहिले फळ खाते, याहून चांगले बक्षीस मला सुचत नाही.

१२. सहा-सात वर्षांच्या मुलांना अणुबाँबबद्दल किती सांगावे?

लहानांना झाडापासून सुरुवात करून द्यावी: हे झाड जळले होते, मग त्याला पालवी फुटली, आणि हे त्याचे मूल आहे. भाजलेल्या माणसांची छायाचित्रे या वयात दाखवू नयेत. मोठ्यांना, म्हणजे पाचवीच्या पुढच्यांना, मुलांबद्दलच सांगावे. त्या सकाळी हिरोशिमात हजारो शाळकरी मुले आगीला आडवी मोकळी पट्टी तयार करण्यासाठी घरे पाडण्याच्या कामावर उघड्यावर होती. बारा-तेरा वर्षांची ती मुले होती, आणि त्यांतली सुमारे ६,००० मरण पावली. आपल्या वयाची मुले त्या वेळी कोठे उभी होती हे कळले, की मग रोपाला पाणी घालताना मुलांना वेगळे काही सांगावे लागत नाही. दरवर्षी ६ ऑगस्टच्या समारंभात सहावीतली दोन मुले शांतीची प्रतिज्ञा वाचतात. तिचा मजकूर मुले स्वतः तयार करतात, हेही सांगण्यासारखे आहे.

१३. असे झाड लावणे म्हणजे अमेरिकेचा निषेध करणे नव्हे का?

नाही, आणि याचा पुरावा अमेरिकेतच उभा आहे. ऑरेगन राज्यात अनेक गावांत हिरोशिमाच्या बियांपासून वाढवलेली गिंको आणि काकीची झाडे लावली आहेत. वयाच्या दहाव्या वर्षी बाँबस्फोटातून वाचलेल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या हिदेको तामुरा स्नायडर यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. त्याआधी, १९७६ मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त जपानने वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानाला बोन्साय भेट दिले. त्यांत यामाकी कुटुंबाचा, १६२५ पासून जोपासलेला, पांढरा पाइन होता. देणाऱ्याने त्याचा इतिहास सांगितला नाही. २००१ मध्ये यामाकींचे नातू ते झाड पाहायला आले, तेव्हा उद्यानातल्या लोकांना कळले की स्फोटकेंद्रापासून सुमारे तीन किलोमीटरवरच्या रोपवाटिकेत, भिंतीच्या आडोशाने, ते वाचले होते.

१४. पण जपाननेही आशियात अत्याचार केले होते. मुलांना ते सांगायचे की नाही?

सांगायचे. हिरोशिमा हे मोठे लष्करी ठाणे होते, चीन आणि आग्नेय आशियात जपानी सैन्याने केलेले अत्याचार खरे आहेत, आणि बाँबखाली मेलेल्यांत जपानमध्ये मजुरीसाठी आणलेले हजारो कोरियनही होते. हे सांगितल्याने झाडाचे मोल कमी होत नाही. नुमाताबाईही पुढे आशियातल्या देशांत जाऊन तेथील लोकांची दुःखे ऐकत असत. वयाचा विवेक मात्र राखावा (प्रश्न १२).

१५. महाराष्ट्रातल्या आमच्या शाळेत असे झाड लावता येईल का?

कायद्याने वाट आहे, पण हवामानाचा विचार आधी करावा. गिंकोला खरा हिवाळा लागतो; उत्तरेकडच्या थंड डोंगराळ भागांत तो दिसतो, पण कोकणात किंवा विदर्भात तगण्याची आशा धरू नये. काकी हिमाचलात चांगली फळते, आपल्या मैदानी भागात थंडी अपुरी पडते. कापराच्या झाडाला त्यामानाने उष्ण हवा चालते.

कायद्याची बाजू अशी: परदेशातून बी किंवा रोप आणणे २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाखाली येते. आयातीचा परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र ही दोन्ही कागदपत्रे हवीत, आणि माल अधिसूचित ठिकाणीच तपासून घ्यावा लागतो. मुंबईत असे केंद्र आहे. शाळेने हे एकट्याने करण्यापेक्षा कृषी विद्यापीठ किंवा वनस्पतिउद्यानाला बरोबर घ्यावे.

आपल्या बाजूने एक गोष्ट चांगली जुळते. जपानमध्ये ६ ऑगस्ट कडक उन्हात आणि सुट्टीत येतो, तर आपल्याकडे तो भर श्रावणाच्या आसपास, शाळा चालू असताना आणि लावणीला योग्य अशा ओल्या जमिनीत. आपल्या संसदेतही या सुमारास हिरोशिमा-नागासाकीच्या मृतांना मौन पाळून आदरांजली वाहण्याची प्रथा आहे.

१६. मी हिरोशिमाला गेले असताना झाडाखाली पडलेले बी उचलून पर्समध्ये आणले. ते पेरू का?

पेरू नका. प्रश्न १५ मधली कागदपत्रे नसतील तर ते आणणेच नियमाबाहेर आहे, आणि बीबरोबर कीड किंवा बुरशी येऊ शकते. शिवाय ते बी नेमक्या कोणत्या झाडाचे, याची नोंद कोणाकडेच राहत नाही. भावना समजते, तिथल्या झाडाखाली उभे राहिल्यावर हात खाली जातोच.

१७. जपानी झाड मिळणार नसेल, तर दुसरे झाड लावून त्याला 'हिरोशिमाचे झाड' म्हणावे का?

तसे नाव देऊ नये, पण स्मरणार्थ झाड जरूर लावावे आणि पाटीवर तसेच लिहावे. कौशी योग्य ठरेल (प्रश्न ६). अनेकांना कण्हेर सुचते, कारण कण्हेर हे हिरोशिमा शहराचे अधिकृत फूल आहे; बाँबनंतरच्या उजाड जमिनीवर ते लवकर फुलले आणि लोकांना धीर देऊन गेले. परंतु कण्हेरीचे सगळे भाग विषारी असतात. प्राथमिक शाळेच्या आवारात ती लावू नये, आणि इतरत्र लावली तर छाटणी मोठ्यांनीच करावी.

१८. परदेशी झाडे लावून आपण पर्यावरणाचे नुकसान तर करत नाही ना?

एका शाळेच्या आवारातल्या एका गिंकोने काही बिघडत नाही. सगळ्याच जातींबद्दल असे म्हणता येत नाही. कापराचे झाड ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडमध्ये पक्ष्यांच्या पोटातून पसरून उपद्रवी ठरले आहे, आणि आओगिरीही अमेरिकेच्या आग्नेय भागात आपोआप पसरते. झाडाचे बी पक्षी किंवा वारा नेणार असेल आणि शाळा जंगलाला लागून असेल, तर ती जात टाळावी.

१९. शाळेची नवी इमारत होणार आहे आणि झाड मध्ये येते. ते हलवले तर चालेल का?

योग्य ऋतूत, मुळांचा गोळा नीट बांधून, जाणकाराच्या देखरेखीखाली हलवता येते. उद्यानातली आओगिरीसुद्धा हलवलेलीच आहे, आणि तीही वयाने मोठी झाल्यावर. मात्र त्याआधी वास्तुरचनाकाराला एक उदाहरण दाखवावे. हिरोशिमातील होसेनबो मंदिर स्फोटकेंद्रापासून १,१३० मीटरवर होते. ते कोसळले आणि समोरचे गिंको वाचले. १९९४ मध्ये मंदिर नव्याने बांधताना झाड नेमके प्रवेशाच्या वाटेत येत होते, आणि तोडण्याचा किंवा हलवण्याचा विचार झालाही. शेवटी मंदिराने आपला जिनाच दुभागला. आज पायऱ्या झाडाच्या दोन्ही अंगांनी वर जातात, आणि नोव्हेंबरात मंदिरात जाणारा प्रत्येक जण पिवळ्या पानांच्या सड्यावरून चालत जातो.